उपटलेलं धाट उलटं धरून बघा : ताणातलं पीक, मुळांवरचे जीव आणि आपलं काम

रब्बीची ज्वारी सोलापूरकडे कापत नाहीत, उपटतात. मंगळवेढा, मोहोळ, बार्शीच्या काळ्या रानात काढणीच्या दिवसांत माणसं वाकून धाट मुठीत धरतात, एक हिसका देतात, मुळावरची माती पायावर आपटून झटकतात आणि पेंढीत टाकतात. संध्याकाळपर्यंत तळहाताला फोड. पण या कामात एक गोष्ट फुकट मिळते, जी कापणाऱ्याला मिळत नाही : शेतातल्या प्रत्येक झाडाचं मूळ एकदा तरी हातात येतं. आणि आपण ते न बघताच आपटतो.

पुढच्या वेळी आपटायच्या आधी थांबा. एकाच रानात, एकाच दिवशी पेरलेल्या ज्वारीत काही मुळं मातीचा मोजा घातल्यासारखी वर येतात आणि काही धुऊन काढल्यासारखी उघडी. हा फरक हिसक्याच्या जोराचा नाही. ज्या मुळाभोवती माती धरून राहिली, तिथे मुळाने चिकट स्राव सोडलेला असतो, जिवाणूंनी त्यात आपली भर घातलेली असते आणि बुरशीच्या तंतूंनी ते सगळं बांधून ठेवलेलं असतं. कोरड्या दिवसांत मूळ आणि माती यांच्यात फट पडली की पाणी असूनही घेता येत नाही. हा मोजा ती फट पडू देत नाही. बाजरीच्या मुळाभोवती रेतीची अशीच नळी तयार होते, म्हणून तर ती रेताड जमिनीत तग धरते.

हा लेख मुख्यतः कोरडवाहू रब्बी ज्वारी आणि तिच्या सोबतीच्या पिकांसाठी आहे. सोयाबीनमध्ये पाणी साचणं आणि खारवट जमीन यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. इथे जैविक खताचं, म्हणजे जिवंत जिवाणू-बुरशींचं, पाकीट विकत घेण्याची पायरी पाचवी आहे, पहिली नाही.

आधी हे समजून घ्या : ताण पडला की जमिनीखाली काय होतं

वर काय होतं ते दिसतं. पानं गुंडाळतात, त्यांच्यावर मेणाचा पांढुरका थर चढतो, पर्णरंध्रं मिटतात. खाली याहून जास्त हालचाल असते. पानात तयार झालेल्या साखरेतला बराच वाटा झाड मुळाकडे पाठवतं आणि त्यातला काही भाग मातीत चक्क ओतून देतं. कोरडवाहू पिकाने ही उधळपट्टी का करावी? कारण ती उधळपट्टी नसून मजुरी आहे. त्या साखरेवर जगणाऱ्या जिवाणूंची आणि बुरशींची मुळाभोवती वस्ती होते. उघड्या रानातल्या मातीपेक्षा ती कितीतरी दाट असते. या पट्ट्याला वेगळं नाव देण्याची गरज लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाला १९०४ मध्येच वाटली होती.

ही वस्ती कायम एकसारखी राहत नाही. कॅलिफोर्नियात ज्वारीवर झालेला आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पीक आपलं आहे. तिथे ज्वारीचं पाणी तोडून आठवड्या-आठवड्याला मुळांवरचे जिवाणू तपासले. ताण सुरू झाल्यावर जाड भिंतीच्या जिवाणूंची संख्या वाढली, त्यातही अॅक्टिनो गटातल्यांची. बाकीचे मागे पडले. पुन्हा पाणी दिल्यावर हा बदल थोड्याच दिवसांत उलटा फिरला. म्हणजे पाण्याबरोबर मुळांवरची मंडळीही बदलते.

या अॅक्टिनो गटाची ओळख आपल्याला नाकाने आधीच आहे. वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीचा जो वास येतो, त्यातला मुख्य मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा आणि ते तयार करणारे प्रामुख्याने हेच जिवाणू. उन्हाळाभर तापलेल्या मातीत ते बीजाणू करून पडून राहतात. रानाला असा वास येत असेल तर कोरड सोसणारी मंडळी घरातच आहे असं समजा.

दुसरा मोठा साथीदार म्हणजे मायकोरायझा बुरशी. ही मुळाच्या आत शिरून राहते आणि तिचे तंतू मुळाबाहेर काही सेंटिमीटरपर्यंत पसरतात. तंतू इतके बारीक की मुळाच्या केसालाही न जाता येणाऱ्या भेगांत ते घुसतात. स्फुरद जमिनीत जागचा हलत नाही. मूळ आपल्या अवतीभवतीच्या एक-दोन मिलिमीटरमधला स्फुरद संपवतं आणि मग उपाशी बसतं. कोरड्या मातीत तर तो आणखीच हलत नाही. अशा वेळी बुरशी लांबून स्फुरद आणि जस्त आणून देते आणि बदल्यात साखर घेते. जमिनीवरच्या वनस्पती आणि या बुरशी यांची ही भागीदारी चाळीस कोटी वर्षांहून जुनी आहे. स्कॉटलंडमधल्या जीवाश्मांत ती दगड होऊन पडलेली सापडली आहे.

आता यातली खरी गंमत. स्फुरद कमी पडला की मूळ मातीत एक विशिष्ट रसायन सोडतं आणि त्या खुणेवर बुरशीचे तंतू फुटून मुळाकडे येतात. ही हाक आणखी एकजण ऐकतो : टारफुला. ज्वारी-उसाच्या मुळावर पोसणाऱ्या या बांडगुळाचं बी मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं आणि नेमकी हीच खूण मिळाली की उगवतं. म्हणूनच टारफुला हलक्या, भुकेल्या रानात जास्त माजतो. मित्राला मारलेली हाक चोराने ऐकावी, तशातला प्रकार.

तिसरी गोष्ट इथिलीनची. केळी पिकवायच्या खोलीत जो वायू सोडतात तोच. दुष्काळ, मीठ, पाणी साचणं, यांतला कोणताही ताण आला की झाड स्वतःच्या अंगात इथिलीन वाढवतं आणि त्याने मुळाची वाढ थांबते. मुळावरचे काही जिवाणू, विशेषतः स्युडोमोनास आणि बॅसिलस गटातले, हे इथिलीन ज्यापासून बनतं तो कच्चा मालच खाऊन टाकतात. त्यामुळे ताणातही मूळ खाली जात राहतं. अॅझोस्पिरिलमसारखे काही जिवाणू वाढीचं संप्रेरक सोडतात आणि बारीक मुळ्यांचं जाळं दाट होतं.

इतकं पुरे. आता कामाला लागू.

पायरी १ : मुळं बघायला शिका

पेरणीनंतर ३५ ते ४५ दिवसांनी, वाफसा असताना, शेताच्या चार वेगवेगळ्या जागी एकेक झाड खणून काढा. उपटू नका, बारीक मुळ्या तुटून खालीच राहतात आणि आपण उरलेल्यावर मत बनवतो. बुंध्यापासून वीतभर लांब गोल खणून ढेकळासकट उचला. हळू हलवल्यावर जी माती आपोआप पडते ती पडू द्या आणि जी चिकटून राहते ती बघा. मग ढेकूळ बादलीतल्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा आणि न चोळता हेलकावे देऊन धुवा.

ज्वारीत बघायचं ते हे : बारीक मुळ्या पांढऱ्या आहेत की तपकिरी; मूळ सरळ खाली गेलंय की पाच-सहा इंचांवर आडवं वळलंय. आडवं वळलं असेल तर खाली नांगराचा किंवा ट्रॅक्टरचा तवा, म्हणजे दाबून घट्ट झालेला थर, तयार झालेला आहे आणि तो मोडेपर्यंत बाकी उपायांचा फारसा उपयोग नाही. मायकोरायझा मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत मुळं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. "मुळावर पांढरी बुरशी दिसली म्हणजे मायकोरायझा आला" असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

द्विदल पिकात काम सोपं आहे, कारण गाठी दिसतात. मोजा, पण नुसत्या मोजू नका, नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर गाठ नत्र कमावते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या रंगद्रव्याच्या भाऊबंदाचा आहे. पांढरी गाठ अजून कामाला लागलेली नाही किंवा लागणारच नाही, हिरवट-तपकिरी गाठ निवृत्त झालेली.

हे सगळं वहीत लिहा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवले तरी चालेल, पण फोटोत झाडाशेजारी शेताच्या जागेची चिठ्ठी ठेवा. पुढच्या वर्षी सगळी मुळं सारखीच दिसतात.

पायरी २ : खरीपभर रान उपाशी ठेवू नका

ही पायरी सर्वात महत्त्वाची आणि सर्वात अडचणीची.

आपल्याकडे रब्बी ज्वारीचं रान पावसाळाभर मोकळं ठेवतात. पाऊस पडला, तण उगवलं, कुळव मारला. पुन्हा पाऊस, पुन्हा कुळव. हेतू चांगला, ओल साठवायची. पण मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय जगत नाही. काही बीजाणू तग धरतात, तंतूंचं जाळं मात्र मरतं आणि प्रत्येक कुळवणीला ते आणखी तुटतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला. रान फार दिवस पड ठेवलं, ओल भरपूर साठली, तरी पुढचं पीक खुरटलं आणि त्यात स्फुरद-जस्ताची कमतरता दिसली. १९८० च्या दशकात शोध घेतल्यावर कारण निघालं ते हे, की पड काळात मायकोरायझा घटली होती. काळी जमीन, साठवलेल्या ओलीवरचं पीक, ज्वारी : सगळं आपल्यासारखंच.

मग खरिपात काय पेरायचं? खोल जमीन असेल आणि मृग-आर्द्राचा पाऊस बरा झाला असेल तर मूग किंवा उडीद. साठ-सत्तर दिवसांत रान मोकळं होतं, बुरशीला घर मिळतं आणि घरात डाळ येते. ताग टाकून फुलोऱ्याच्या सुमाराला, साधारण ४५-५० दिवसांनी गाडला तरी चालतो. पण उथळ आणि मध्यम जमिनीत, पावसाने ओढ दिलेल्या वर्षी, हे करू नका. मुगाने प्यायलेलं पाणी ज्वारीला परत मिळत नाही आणि मायकोरायझा कितीही असली तरी ती नसलेलं पाणी आणू शकत नाही. अशा वर्षी निदान कुळवाच्या पाळ्या कमी करा. थोडं तण वीत-दीड वीत होईपर्यंत राहिलं तर जग बुडत नाही, फक्त बी धरायच्या आत काढा. शेजारी नावं ठेवतील, ठेवू द्या.

बेवडाला मोहरी, कोबी किंवा पालक-बीट असेल तर लक्षात ठेवा : या कुळांतली पिकं मायकोरायझाला थारा देत नाहीत. त्यांच्यानंतरच्या पिकाला सुरुवातीला थोडं मागे पडल्यासारखं वाटू शकतं.

नांगरटीबद्दल माझं मत मध्यम आहे. दरवर्षी खोल नांगरट म्हणजे बुरशीचं घर दरवर्षी पाडणं. पण रानात हराळी, लव्हाळा, कुंदा माजला असेल तर नांगर घालावाच लागतो. दर उन्हाळ्यात सवय म्हणून नांगरू नका, गरज म्हणून नांगरा. धसकटं जाळणं मात्र कोणत्याही हिशेबात बसत नाही.

पायरी ३ : ओल वरच्या थरातही टिकली पाहिजे

ज्वारीला आधी बियातून एक मुळी फुटते आणि नंतर बुंध्याच्या खालच्या कांड्यांतून मुळांची दुसरी फळी येते. पीक उभं राहतं आणि पोसलं जातं ते या दुसऱ्या फळीवर. आता अडचण अशी, की रब्बीत खाली ओल असते आणि वरचे दोन-तीन इंच वाळलेले असतात. कांड्यातून निघालेलं कोवळं मूळ कोरड्या मातीत शिरू शकत नाही आणि खुंटतं. मुळावरचे जीवही तिथेच राहत असल्यामुळे त्यांचीही तीच गत.

म्हणून पेरणीआधी पावसाळ्यातच रानात उताराला आडवे बंदिस्त वाफे पाडा, म्हणजे पडलेलं पाणी जागच्या जागी मुरेल. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आटपा. आणि कोळपणी चुकवू नका : पहिली तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, दुसरी पाचव्या आठवड्यात पासाच्या कोळप्याने, तिसरी आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने. पहिल्या दोन पाळ्या तणासाठी आहेत असं आपण समजतो, पण त्यांनी बुंध्याला मातीही लागते आणि दुसऱ्या फळीच्या मुळांना ओला आसरा मिळतो. तिसरी भेगा बुजवण्यासाठी. काळ्या रानाची भेग म्हणजे ओल उडून जायला उघडं दार आणि ती पसरताना मुळं तोडते ते वेगळंच.

पायरी ४ : स्फुरद कमी नको, पण भरमसाट तर नकोच

जमिनीत स्फुरद मुबलक असला की झाड बुरशीला दारात उभं करत नाही. कशाला करेल? ज्याला घरबसल्या मिळतं तो गडी ठेवत नाही. पण पुढे कोरड पडते, स्फुरद मातीत असूनही हलत नाही आणि तेव्हा गड्याची आठवण येते. म्हणून माती परीक्षण करून, लागेल तेवढाच स्फुरद, दोन चाड्यांच्या पाभरीने बियाच्या खाली-बाजूला पेरून द्या. फोकून टाकलेलं सुपर फॉस्फेट कोरडवाहू रानात वरच्या थरातच राहतं. पीक तिथवर पोचत नाही आणि पैसे मात्र गेलेले असतात.

शेणखत चांगलं कुजलेलं हवं. अर्धकच्चं टाकलं तर ते कुजवणारे जीव मातीतलं नत्र आधी स्वतः खातात आणि पीक पिवळं पडतं. जीवामृताबद्दल विचारणारे खूप असतात. त्यात शेण, गूळ, बेसन आहे, म्हणजे जिवांना खाऊ आहे. ओल असताना दिलेल्या खाऊचा उपयोग होतो. कोरड्या ठणठणीत रानात ओतून काही होत नाही.

पायरी ५ : आता पाकीट

आधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मायकोरायझाचं महागडं पाकीट आणलं आणि अख्ख्या रानाला वापरलं. त्या वर्षी परतीचा पाऊस झकास झाला, ज्वारी डोक्याच्या वर गेली. मी भेटेल त्याला पाकिटाचं नाव सांगत सुटलो. काढणीला बांधापलीकडच्या शेतकऱ्याने शांतपणे विचारलं, "माझी पण एवढीच आहे की. मी काय टाकलं होतं?" त्याने काहीच टाकलं नव्हतं. तेव्हापासून नियम : चार ओळी बिनप्रक्रियेच्या ठेवल्याशिवाय कोणतंही जैविक खत वापरायचं नाही.

घेताना तीन गोष्टी बघा. तारीख : भुकटीतलं जैविक खत साधारण सहा महिने आणि द्रवरूप साधारण वर्षभर टिकतं. पिकाचं नाव : रायझोबियम, म्हणजे द्विदलाच्या मुळावर गाठी करणारे जिवाणू, पिकागणिक वेगळं असतं, सोयाबीनचं हरभऱ्याला चालत नाही. आणि संख्या : खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत. हे पाकिटावर छापलेलं नसेल तर परत ठेवा. उन्हात तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवलेलं असेल तर तारीख बघायचीही गरज नाही. राहुरी, परभणी, अकोला, दापोली या कृषी विद्यापीठांकडून घेणं मला जास्त भरवशाचं वाटतं. मायकोरायझाबाबत आणखी एक : ती जिवंत मुळावरच वाढवावी लागते, नत्र धरणाऱ्या अॅझोटोबॅक्टर जिवाणूंसारखी टाकीत ढवळून तयार होत नाही. म्हणून फारच स्वस्त मिळत असेल तर शंका घ्या.

लावायची रीत :

१. ज्वारीच्या बियाण्याला आधी काणी रोगासाठी ३०० मेश गंधक, किलोला ४ ग्रॅम. दुसऱ्या पिकाला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावायचं असेल तर तेही आधीच, आणि वाळू द्यायचं. जिवाणू नेहमी शेवटी.

२. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. कोमट असतानाच घाई करणारे बरेच असतात; त्यात निम्मे जिवाणू तिथेच संपतात.

३. बियाणं गोणपाटावर पसरा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम अॅझोटोबॅक्टर किंवा अॅझोस्पिरिलम आणि २५० ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू. एकरी चार किलो बियाणं धरलं तर प्रत्येकी १०० ग्रॅम पुरतं. लेप बसण्यापुरतंच गुळाचं पाणी शिंपडा, बियाणं भिजवू नका.

४. हलक्या हाताने खालीवर करा. सोयाबीनचं साल फार नाजूक असतं, चोळलं की उगवण गेलीच.

५. सावलीत वाळवा आणि त्याच दिवशी पेरा.

६. बिनप्रक्रियेच्या चार ओळी सगळ्यात आधी पेरा. नंतर पेरल्या तर चाड्यात आणि नळीत राहिलेली पूड त्यांनाही लागते आणि तुलना बिघडते. दोन्ही टोकांना खुंटी ठोका, कारण महिन्याभराने ओळी कोणत्या ते घरात कोणालाच आठवत नाही.

ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम लावता येतो, पण कार्बेन्डाझिम लावलेल्या बियाण्यावर तो लावणं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून दार लावून घेणं. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे आणि कार्बेन्डाझिम बुरशीनाशक.

आधीच्या पायऱ्या सोडून पाचवी केली तर काय होतं? पाकिटातले जीव रानात आधीपासून असलेल्यांशी झुंजतात आणि उपाशी रानात बहुतेक वेळा हरतात. जिथे एखादं पीक पहिल्यांदाच घेतलं जातंय आणि त्याचं रायझोबियम जमिनीत मुळीच नाही, तिथे मात्र पाकिटाचा फरक ढळढळीत दिसतो.

सोबतीचं पीक

हरभऱ्याच्या पानांवरची आंब सगळ्यांना माहीत आहे. पहाटे कापड फिरवून ती गोळा करायची जुनी रीत आहे. मुळांनाही आंब असते. मुळं जी आम्लं सोडतात त्यांनी चुन्याशी बांधला गेलेला स्फुरद सुटतो आणि आपल्या काळ्या चुनखडीच्या रानात बराच स्फुरद तसाच अडकलेला असतो. तुरीची तऱ्हा वेगळी. तिच्या मुळातलं एक आम्ल लोहाशी बांधलेला स्फुरद सोडवतं, हे हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतल्या संशोधनातून १९९० मध्ये पुढे आलं. म्हणून तांबड्या जमिनीत तुरीचा बेवड पुढच्या पिकाला मानवतो.

तूर आणखी एक काम करते. तिचं मूळ खोल जातं आणि रात्री खालचं पाणी वरच्या कोरड्या थरात थोडं झिरपवतं. नाचणी आणि तूर शेजारी लावून केलेल्या प्रयोगांत हे पाणी मायकोरायझाच्या जाळ्यातून नाचणीपर्यंत पोचत असल्याचं दिसलं. पण यावर फार भिस्त ठेवू नका. त्या पाण्याने नाचणी तगते, पोसत नाही. आणि दाट लावली तर तीच तूर पाण्यासाठी भांडते.

सोयाबीनमध्ये पाणी साचलं तर

मुळावरच्या गाठींना श्वास लागतो. दोन-तीन दिवस पाणी तुंबलं की गाठी काम थांबवतात, पीक पिवळं पडतं आणि आपण युरियाचं पोतं उचलतो. थांबा. जमिनीतून जास्त नत्र मिळालं की झाड उरलेल्या गाठींनाही खाऊ घालणं बंद करतं. आधी चर काढून पाणी काढा. वाफसा आल्यावर हलकी कोळपणी करून हवा खेळू द्या आणि मग पाच-सहा झाडं खणून गाठी फोडून बघा. गुलाबी असतील तर चार-सहा दिवस धीर धरा. सगळ्याच तपकिरी असतील तर फवारणीतून थोडं नत्र देऊन वेळ काढता येतो. पुढच्या वर्षी रुंद वरंबा-सरीवर पेरा. तीच सरी पावसाने ओढ दिली तर ओल धरते.

भाताला यातलं काही लागत नाही. तो खोडातल्या पोकळ वाटांनी मुळांपर्यंत हवा नेतो. चिखलातून काढलेल्या भाताच्या मुळावर तांबूस गंज दिसतो तो त्याच हवेचा.

खारवट आणि चोपण

सांगली-कोल्हापूरकडची उसाखाली पाणी पिऊन पिऊन बिघडलेली रानं असोत की पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, आधी खारवट की चोपण ते माती परीक्षणाने ठरवा. खारवटात क्षार विद्राव्य असतात, निचरा करून धुऊन काढता येतात. चोपणात सोडियम मातीच्या कणाला चिकटलेला असतो, तिथे जिप्सम आणि निचरा दोन्ही लागतात. चुनखडीच्या जमिनीत गंधक दिलं तर त्याचं आम्ल करणारे थायोबॅसिलस जिवाणूच असतात, म्हणजे तिथेही काम त्यांचंच. धैंचा दोन्ही प्रकारांत तग धरतो, गाठी करतो, गाडायला उत्तम.

मीठ सोसणारे जिवाणू आहेत. ते चिकट आवरण करून मुळाभोवतीचा सोडियम अडवतात. पण निचऱ्याशिवाय जिवाणू म्हणजे गळक्या छपराखाली रंगकाम. गोव्याच्या खाजन शेतात मिठागरालगत पिढ्यान्‌पिढ्या पिकणारं कोरगुट भात तिथल्या खाऱ्या मातीत रुळलं आहे. पण ते रुळलं मानस (पाणी अडवायची-सोडायची दारं) आणि बांध यांच्या भरवशावर, भरतीचं पाणी बाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या आत.

पुन्हा काढणी

ताणात सगळेच जीव मित्र राहत नाहीत. फुलोऱ्यानंतर ओल संपली आणि जमीन तापली की मातीतली एक बुरशी अशक्त झालेल्या ज्वारीच्या मुळातून खोडात चढते आणि उभं पीक बुंध्याशी मोडून आडवं होतं. हाच खडखड्या. ओल टिकलेल्या आणि झाडांची दाटी नसलेल्या रानात तो कमी येतो. जास्त नत्र दिलेल्या, पानाने माजलेल्या आणि मग तहानलेल्या पिकात जास्त.

म्हणून उपटणीच्या दिवशी हे करा. खुंटी ठोकलेल्या ओळींतली दहा आणि बाकी रानातली दहा धाटं वेगळी ठेवा. प्रत्येकाचं मूळ आपटायच्या आधी उलटं धरून बघा : मोजा आहे की उघडं. मग बुंधा विळ्याने उभा चिरा. आत मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके आणि दोरे सुटलेले दिसले तर खडखड्या. त्या जागेवर खूण करा आणि तिथे पुढच्या रब्बीत ज्वारी टाळा. निरोगी धाटांची कणसं मोडून दोन्ही ढीग वेगळे मळा, वेगळे तोला आणि आकडे त्याच वहीत लिहा.